एका तिकिटात अख्खं घर

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. 2020 च्या ऑगस्टमध्ये मी एका नाटकाची नऊ तिकिटं बुडवली. आणि ज्यांना मी फुकट नाटक दाखवलं, त्यातले निदान पाच-सहा जण हे वाचणार आहेत. तेव्हा मावशी, दादा आणि बाकीची मंडळी, रागावू नका. नावं घेत नाहीये :)

झालं असं. मार्च 2020 च्या मध्यावर नाट्यगृहं बंद झाली. आमच्याकडे महिन्या-दीड महिन्यातून एक नाटक हा नेम होता. पेपरात जाहिरात आली की नवऱ्याने शालिमारला कालिदासच्या खिडकीवर जायचं, प्लॅन उघडला असेल तर पाचवी-सहावी रांग मिळवायची, नाहीतर बाल्कनीवर समाधान मानायचं. ते सगळं एका दिवसात थांबलं. पाच महिन्यांनी कळलं की एक छोटी संस्था रिकाम्या हॉलमधून नाटक करून ते थेट ऑनलाइन दाखवणार आहे. तिकीट दीडशे रुपये. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

मी एक तिकीट काढलं. टीव्हीला लॅपटॉप जोडला. समोर मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. चौघांत एक तिकीट, इथपर्यंत मनाला काही लागलं नाही. टीव्हीसमोर कोण माणशी पैसे देतं? मग आठवलं, पंचवटीत मावशी-काका दोघंच घरात बसून कंटाळलेत. लिंक पाठवली, आणि उघडली की! मग पुण्याला दादा-वहिनी. मग न्यूजर्सीची मामेबहीण आणि तिचे यजमान. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे अकरा. ती पोह्यांची बशी घेऊन नाटकाला बसली होती. एका तिकिटात दहा माणसं, म्हणजे माणशी पंधरा रुपये. एवढ्यात मध्यंतरातला बटाटेवडासुद्धा येत नाही.

नाटक छान झालं. आम्ही फोनवर एकमेकांना दाद देत होतो. अनेक महिन्यांनी सगळे एकत्र असल्यासारखं वाटलं. शेवटी पाचही कलाकार कॅमेऱ्यासमोर आले, रिकाम्या खुर्च्यांना पाठ करून. त्यातला एक हात जोडून म्हणाला, "आज एकसष्ट तिकिटं गेली. तुम्ही होतात म्हणून आम्ही प्रयोग करू शकलो. मनापासून आभार."

एकसष्ट. म्हणजे नऊ हजार एकशे पन्नास रुपये. त्यातून हॉल, दिवे, कॅमेऱ्यावरची दोन माणसं, तिकीट विकणाऱ्याचा वाटा. उरेल त्यात पाच नट. आणि त्या एकसष्टातलं एक तिकीट आमचं होतं, ज्यावर दहा जण बसले होते. टीव्ही बंद केल्यावर आमच्या घरात कोणीच काही बोललं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "आपण जास्त काढायला हवी होती गं."

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. म्हणून आज लिहून काढते.

माझ्या मते आपण तिकीट या गोष्टीचा अर्थच चुकीचा लावतो. आपल्याला वाटतं, तिकीट म्हणजे बघण्याची किंमत. तसं असेल तर एका पडद्याला एक तिकीट बरोबरच आहे. पण नाटकाचं तिकीट मुळात आलं कशासाठी? विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पाठीशी संस्थानिक होते, चिंतामणराव पटवर्धन. 1851 मध्ये ते गेले आणि राजाश्रय आटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, मुंबईला गेले, आणि तिथे तिकीट लावून नाटकं करू लागले. म्हणजे राजा एकट्याने जो खर्च उचलायचा, तो पाचशे माणसांनी वाटून घेतला. तिकीट ही त्या खर्चातली आपली वाटणी आहे. आपण दहा जण एका वाटणीवर बसलो, तर उरलेल्या नऊ वाटण्या कोणीतरी भरतंच. कोण? तर ज्याला 'नाईट' मिळते तो. नटाला, पडदा ओढणाऱ्याला, मेकअपमनला, ड्रेपरीवाल्याला प्रयोगागणिक जे पैसे मिळतात त्याला आपल्याकडे नाईट म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रयोग नाही तर नाईट नाही. 2020 मध्ये ही माणसं महिनोन् महिने बिननाईटची होती.

आता अर्ध्या खुर्च्यांचं बघा. नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडायला राज्यात परवानगी मिळाली ती 5 नोव्हेंबर 2020 पासून, म्हणजे नेमकी मराठी रंगभूमी दिनाला. तरी प्रयोग लगेच सुरू झाले नाहीत. 12 डिसेंबरला प्रशांत दामल्यांनी पुण्यात बालगंधर्वला 'एका लग्नाची पुढची गोष्ट'चा प्रयोग लावला, तेव्हा कुठे धीर आला. उशीर का झाला, ते साध्या गणितात आहे. समजा आठशे खुर्च्यांचा हॉल आणि सरसकट तीनशेचं तिकीट. भरला तर दोन लाख चाळीस हजार. निम्म्या खुर्च्या फुल्या मारून बंद, म्हणजे भरूनसुद्धा एक लाख वीस हजार. पण सेट निम्मा होत नाही. टेम्पोचं डिझेल निम्मं होत नाही. नायिका निम्मी बोलत नाही. काही महापालिकांनी भाड्यात सवलत दिली, बाकीचं कलाकारांनी आणि निर्मात्यांनी पोटाला चिमटा काढून जमवलं. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं, ते थेट 22 ऑक्टोबरला उघडलं, परत निम्म्यावरच. एप्रिल 2022 मध्ये निर्बंध गेले तेव्हा ती फुली पुसली गेली.

2021 च्या डिसेंबरात आम्ही नाशिकलाच असं एक अर्ध्या खुर्च्यांचं नाटक पाहिलं. मी आणि नवरा, मध्ये एक रिकामी खुर्ची. विनोद झाला की तिच्यावरून वाकून एकमेकांकडे बघायचं. बाहेर 'हाउसफुल्ल'चा बोर्ड आणि आत निम्मा हॉल रिकामा! तिकीट मात्र नेहमीच्याच भावाचं होतं. खरं सांगू? ते दुप्पट असतं तर मी कुरकुरले असते. पण निम्म्या खुर्च्यांचं नुकसान आमच्याऐवजी रंगमंचावरच्यांनी सोसलं, हे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना डोळ्यांना दिसत होतं. ऑनलाइनमध्ये तेच नुकसान दिसत नाही, एवढाच फरक. हॉलच्या दाराशी डोअरकीपर तिकीट फाडायला उभा असतो, त्याच्यासमोर दहा जणांना एका तिकिटावर न्यायची आपली छाती होत नाही. लिंकला डोअरकीपर नसतो.

मग ऑनलाइन नाटकाचं तिकीट कसं विकावं? लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहाने 2020 च्या उन्हाळ्यात 'लंग्ज' हे दोन पात्रांचं नाटक रिकाम्या प्रेक्षागृहातून थेट दाखवलं. ऑनलाइनला जागेची मर्यादा नसते, हवी तितकी तिकिटं विकता येतात. त्यांनी मात्र एका प्रयोगाला साधारण हजारच ठेवली, त्यांच्या हॉलमध्ये एरवी बसतात तितकीच. किंमत दहा पौंडांपासून पासष्ट पौंडांपर्यंत. दृश्य सगळ्यांना एकच! ज्याला झेपेल त्याने जास्त द्यावं, इतकाच अर्थ. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, की पासष्ट देऊन काय जास्त दिसणार? आता वाटतं, त्या लोकांना तिकिटाचा अर्थ नीट कळला होता.

आपल्याकडेही हिंमत करणारे होतेच. हृषिकेश जोशींनी 2020 च्या जुलैमध्ये 'मोगरा' केलं. पाच बायका आपापल्या घरातून, ठरलेल्या वेळी, थेट. त्याला त्यांनी 'नेटक' असं झकास नाव दिलं. चित्रीकरण करून ठेवलेली फीत नव्हे, आत्ता या क्षणी ती बाई ते वाक्य बोलतेय, चुकली तर चुकली. माझ्यासाठी नाटक म्हणजे एवढंच पुरे आहे. त्याला तिसरी घंटा पाहिजे, उशिरा येणाऱ्याला चुकल्याची चुटपुट पाहिजे, आणि माणशी तिकीट पाहिजे.

माझी सूचना अगदी घरगुती आहे. ऑनलाइन तिकीट काढताना सरळ विचारा, 'घरात किती जण बघणार?' एकाचं इतकं, दोघांचं इतकं, चौघांच्या वर इतकं. खोटं बोलणारे बोलतील. पण मला खात्री आहे, विचारलं असतं तर त्या रात्री मी निदान चारचा आकडा टाकला असता. मला कोणी विचारलंच नाही आणि मी स्वतःहून सांगितलं नाही. त्यातला दुसरा दोष माझा.

यावर नवऱ्याचं म्हणणं असं, की त्या दहातल्या सगळ्यांनी तिकीट काढलंच नसतं. खरं आहे. न्यूजर्सीवाली कदाचित झोपूनच राहिली असती. 2020 मध्ये कितीतरी घरांत पगार अर्धे झाले होते, त्यांना दीडशेही जड होते, हेही खरं. ज्याला परवडत नाही त्याला कमीचं तिकीट जरूर ठेवा, दहा पौंडवाल्यांसारखं. पण आमच्या दहांपैकी एकालाही दीडशे रुपये जड नव्हते. आम्ही त्याच आठवड्यात त्याहून महाग पिझ्झा मागवला होता. तो एक मागवून दहा घरांत वाटता येत नाही, म्हणून आपण प्रामाणिक राहतो, बाकी काही नाही.

हॉल पूर्ण उघडल्यावर, निदान माझ्या बघण्यात तरी, थेट ऑनलाइन प्रयोग जवळजवळ थांबले. मला ते बरं वाटलं नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने टाळेबंदीत नाटकं फुकट दाखवली, आणि डिसेंबर 2020 पासून पैसे घेऊन दाखवायची सोय केली. ती चित्रित नाटकं आहेत, पण निदान बाहेरच्या माणसासाठी दार उघडं ठेवलं. आमच्या मावशीचे गुडघे आता कालिदासच्या पायऱ्या चढू देत नाहीत. ती दर महिन्याला विचारते, "ते घरबसल्या नाटक परत कधी आहे?" सुरगाणा-पेठच्या शाळेतल्या मास्तरांनी रात्रीच्या नाटकासाठी नाशिकला यायचं आणि परत कधी जायचं? अशा लोकांसाठी ऑनलाइन तिकीट हवंच होतं, आजही हवं आहे. पण निर्मात्याने ते कशाच्या भरवशावर लावावं? एक विकायचं आणि दहांनी बघायचं, या हिशोबावर कोण लावेल? मावशीचं नाटक बंद पडण्यात आम्हा नऊ जणांचाही थोडा हात आहे.

त्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी उरलेल्या नऊ तिकिटांचे साडेतेराशे रुपये पाठवून द्यावेत असं मनात आलं होतं. नंबर होता. पण काय सांगून पाठवायचे, याची लाज वाटली आणि राहून गेलं. वर्षभराने चौकशी केली तेव्हा ती संस्था प्रयोग करत नव्हती. आमच्या साडेतेराशेने ती तगली असती असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाने 'एकसष्ट' म्हटलं ते अजून कानात आहे. तो सत्तर म्हणू शकला असता.

असो. पुन्हा असं नाटक आलं की मी सगळ्यांना वेळ कळवीन. लिंक मात्र कोणी मागू नका, आपापलं तिकीट काढा. मावशीचं मी काढते. मध्यंतरात फोनवर भेटूच.