काटकसर कोणी करायची?

साधने मर्यादित आहेत, म्हणून सर्वांनी गरजा कमी कराव्यात. म्हणजे गरिबाला वर येता येईल, असा उपदेश अनेक व्यासपीठांवरून केला जातो. ऐकायला तो गोड आहे. पण पालघर जिल्ह्यात उभे राहून पाहिले, तर पहिला प्रश्न पडतो की, गरजा कमी करायच्या कोणी?

सूर्या नदीवरील धामणी धरण आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले. पुढे त्या पाण्याला वाटेकरी वाढत गेले. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना दररोज ४०.३ कोटी लिटरची आहे. त्यात वसई-विरारचा वाटा १८.५ कोटी आणि मीरा-भाईंदरचा २१.८ कोटी लिटर. शहरातील माणसाच्या तहानेला आमचा विरोध नाही. तेथील झोपडपट्टीत आपलेच बांधव राहतात. पण याच जिल्ह्यात उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या आदिवासी भगिनीने आणखी काय कमी करावे?

विजेचेही तेच. तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी नासली, तेव्हा मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले. २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणकारी कारखान्यांवर भरपाई बसवली. उपभोग एकाचा, किंमत मोजणारा दुसराच!

उधळपट्टी करणाऱ्यांनी हात आखडावा, हे योग्यच. पण तेवढ्याने गरिबाचे भले होत नाही. शहरातील गृहसंकुलाने पोहण्याचा तलाव बंद केला म्हणून पाड्यावर नळ येत नाही. वाचलेले पाणी पुढच्या टॉवरला जाते. पाड्यापर्यंत पाणी न्यायला कालवा लागतो, जलवाहिनी लागते, अंदाजपत्रकात तरतूद लागते आणि मुख्य म्हणजे कायद्याने ठरलेला वाटा लागतो. दानत आणि हक्क यांत हाच फरक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दारिद्र्याचे गोडवे कधी गायले नाहीत. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रांना नाकारणाऱ्या साधेपणाच्या तत्त्वज्ञानावर कठोर टीका केली. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हे त्यांचे म्हणणे होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनांना गती दिली. आणि १९२७ साली महाडला त्यांनी 'पाणी कमी प्या' असे सांगितले नाही. तळ्यावर आपला हक्क आहे, हे सांगितले.

समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताला पोषक व्हावे, असे संविधानाचे अनुच्छेद ३९(ख) सांगते. मार्गदर्शक तत्त्व म्हणून त्याचा थेट दावा न्यायालयात करता येत नाही, हे खरे. पण सरकारला जाब विचारायला ते पुरेसे आहे. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सूर्याचे किती पाणी सिंचनाला, किती कारखान्यांना आणि किती शहरांना जाते, हे लेखी मागा. तो कागद ग्रामसभेत वाचा आणि आधी धरणाजवळच्या पाड्यांचा वाटा ठरवा, असा ठराव करून घ्या. काटकसरीचा उपदेश त्यानंतर ऐकू.