थांबलेल्या वेळेचे पैसे कोण देणार?

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


पुण्यात दुचाकीवरून जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या हजारोंपैकी मी एक. ऊन, पाऊस, खड्डे यांची तक्रार नाही; रस्त्यावरचं काम म्हटल्यावर ते आलंच. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे.

ऑर्डर घ्यायला गेलं की हॉटेलच्या काउंटरवर ऐकू येतं, "पाच मिनिटं, भाऊ." शनिवारी रात्री ती पाच मिनिटं अर्धा तासही चालतात. पुढे वाकड-हिंजवडीकडच्या एखाद्या सोसायटीचं गेट. गाडी बाहेर लावा, नाव-नंबर लिहा, वर फोन लागेपर्यंत उभे राहा. पुढची लिफ्ट रहिवाशांची. आमची मागची, कचऱ्याचे डबे आणि सामान नेणारी. ती चौदाव्या मजल्यावर अडकली की खाली चार कंपन्यांचे चार टी-शर्ट ताटकळत. तोवर गेटाबाहेरची गाडी टोइंगवाल्यांनी उचलली तर दंड आमच्याच खिशातून. एवढं करून वर पोचलं की गिऱ्हाईक म्हणतं, "किती उशीर!" आणि एक स्टार देऊन मोकळं होतं.

माझ्या कंपनीच्या हिशेबात थांबण्याला किंमत शून्य, उशिराला मात्र पुरेपूर. रेटिंग घसरलं की ऑर्डरी आटतात, तक्रारी साठल्या की आयडी ब्लॉक. दाद मागावी तर ॲपवर तेच ते छापील उत्तर.

साहेब, ज्याचा मालक रोज बदलतो त्या कामगाराचं काय करायचं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, वर मालकांकडून लेव्ही घेऊन भविष्य निर्वाह निधी आणि औषधोपचाराची सोय झाली. केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आमच्या निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. पण हा निधी आजारपणाचा नि म्हातारपणाचा. काउंटरवर गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल संहितेत अक्षर नाही.

म्हणून राज्याच्या पातळीवर तीन गोष्टी पक्क्या करा. हॉटेलात ठरावीक मिनिटांपलीकडे थांबावं लागलं, तर त्याचे पैसे. हॉटेलमुळे किंवा गेटवर झालेला उशीर रायडरच्या रेटिंगमधून वगळणं. आणि आयडी बंद करण्याआधी लेखी कारण व माणसासमोर सुनावणी. कर्नाटकाने २०२५च्या कायद्यात काम थांबवण्यापूर्वी कारण आणि पूर्वसूचना देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

माथाडी मंडळावर सरकार आणि मालकांबरोबर कामगारही बसतात. आमच्याविषयी जे काही ठरवाल, तिथे रायडरलाही खुर्ची द्या. दुपारी साडेतीन ते सहा ऑर्डरी कमी असतात. बैठक त्या वेळात ठेवलीत, तर आम्ही नक्की येऊ.

आपला,
एक डिलिव्हरी रायडर, पुणे