हा सवाल कुणाचा?

भोसरी-चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे आमचा जुमा आणि ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरचा रविवार, दोन्ही कामाचे दिवस. शनिवारी रात्रीची ईस्टरची प्रार्थना करून फर्स्ट शिफ्टला आलेल्या सहकाऱ्याला आमचीच पोरे हसून विचारतात, "मेलेला माणूस उठेल कसा रे?" मोबाइलवरचे वादविवाद पाहून आलेले हे शहाणपण!

मतभेद आम्ही लपवत नाही. सूरह निसाच्या 157व्या आयतीनुसार ईसा अलैहिस्सलाम क्रुसावर मेलेच नाहीत. ख्रिस्ती श्रद्धा मात्र पुनरुत्थानावरच उभी आहे. ते घडले नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे खुद्द पौलानेच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 15व्या अध्यायात मांडले आहे. सारे काही एका गोष्टीवर लावणाऱ्याशी वाद जरूर घालावा, पण वाचून. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले, तेही आपल्याच मराठीत. आमच्यापैकी किती जणांनी ते उघडले?

आणि मुळात हा सवाल कुणाचा? कुजलेल्या हाडांत पुन्हा जीव कोण घालणार, असे मक्केतले इन्कार करणारे विचारीत. त्यांना जवाब सूरह यासीनमध्ये आहे. कयामतीवर ईमान सांगणाऱ्या पोरांनी नेमका तोच सवाल उचलावा?