शेवटच्या घराची लाईट

वीकेण्डचा प्लॅन ठरला? पवनेकाठी मित्राचं फार्महाऊस, नाहीतर कामशेतच्या पुढे आपलं गावाकडचं घर. बाहेर धो धो पाऊस, आत गरमागरम कांदाभजी आणि... गेली लाईट!

पुण्यात लाईट गेली की आपण गॅलरीत येऊन शेजारच्या सोसायटीकडे बघतो. त्यांचीही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं. तासाभरात येतेच. मावळात हे गणित चालत नाही, बॉस!

३ जून २०२० आठवा. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याच दिवशी घाट चढून मावळात शिरलं. गुलाबाची पॉलीहाऊसं फाटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी गेलेल्यांच्या 'वर्क फ्रॉम होम'मधलं फक्त होम उरलं. कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची लाईट काही तास गेली, तर देशभर ब्रेकिंग न्यूज!

गंमत बघा. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. म्हणजे पाऊस मावळचा, उजेड मुंबईचा. शंभर वर्षं उलटली, तरी रांगेत मावळ मागेच.

ही रांग खरीच असते. लाईट जाते एका फटक्यात, येते मात्र पायरीपायरीने. आधी सबस्टेशन, मग मेन लाईन, मग गावचा डीपी आणि सगळ्यात शेवटी डोंगराकडेची एकटी घरं. एका दुरुस्तीत जास्तीत जास्त घरं उजळावीत, हा त्यामागचा हिशोब. त्यात जूनमधल्या भातखाचरात गाडी शिरत नाही, खांब माणसांनी खांद्यावरून न्यायचा. आणि 'व्ह्यू' हवा म्हणून आपण घर बांधलेलं असतं नेमकं शेवटच्या टोकाला!

तेव्हा रांगेत शेवटी असल्यासारखीच तयारी ठेवा. आमच्या आत्याचा पहिला प्रश्न लाईटचा नसतोच. ती विचारते, "पाणी भरून ठिवलंय का?" करेक्ट! मोटार बंद म्हणजे नळ बंद. ढग भरून आले की आधी टाकी, हंडे, बादल्या भरा. विहिरीवर दोर आणि पोहरा हवाच.

दुसरा नंबर फोनचा. टॉवरची बॅटरी काही तासांची असते, मग रेंजही जाते. त्याआधीच घरी आणि ऑफिसात कळवून टाका, १९१२ वर तक्रार नोंदवा. मग फोन फ्लाइट मोडवर. यूपीआय विसरा, खिशात रोकड ठेवा. फ्रिज सारखा उघडू नका. बंद ठेवलात तर आतलं साधारण ४ तास टिकतं. दूध-मटण त्याआधीच संपवा. टीव्ही, फ्रिजचे प्लग काढून ठेवा. आणि पडलेल्या तारेच्या जवळपासही जाऊ नका, लाईट गेलेली असली तरी.

आता सगळ्यात सीरियस गोष्ट. भाड्याने जनरेटर आणून त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसणारे बहाद्दर असतात. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज उलटी डीपीत शिरते आणि पलीकडच्या तारेत ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. त्याच तारेवर, लाईन बंद आहे या भरवशावर, वायरमन चढलेला असतो. आपल्या एका रात्रीच्या पंख्यापायी त्याचा जीव जाऊ शकतो. जनरेटर हवाच असेल तर घराची लाईन पूर्ण तोडणारा चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. नाहीतर कंदील आहेच.

दोन दिवसांनी दिवे लागतात आणि वाडीभर 'आली रे!'चा ओरडा होतो. तेव्हा लगेच चार्जरकडे धावू नका. खांबावरून कुणीतरी चिंब भिजून उतरत असेल. त्याला आधी गरम चहा द्या.