प्रमाणपत्रानंतरची तीन वर्षे



'जालना, सोने का पालना' ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होती. त्या पाळण्यात आज लोखंड झोपते, एवढाच काय तो फरक. भंगार भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि ते रोलिंग मिलमध्ये लाटून सळई काढायची, या उद्योगाने जालन्याचे नाव दूरदूरच्या बांधकामांपर्यंत पोहोचवले. आपल्या समाजातील अनेक घरांची चूल या लोखंडावर पेटते. कोणाची मिल आहे, कोणाचा भंगाराचा व्यापार, कोणाचे पत्रा-अँगलचे दुकान, तर कोणाची वाहतूक. या सदरात आपण बहुधा भांडवल आणि व्यापारनीतीविषयी बोलतो. आज त्याच लोखंडाला हात लावणाऱ्या, नुकतेच आयटीआयचे प्रमाणपत्र हाती आलेल्या तरुणाच्या हिशेबाची वही उघडू या.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. भोकरदन, मंठा, परतूर, घनसावंगी अशा तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले तिकडे वळतात. शासकीय संस्थेतील शुल्क फारसे नसते. म्हणून शिक्षणापायी हा मुलगा कर्जबाजारी झाला, असे सहसा घडत नाही. कर्ज जन्मते ते पुढे. प्रमाणपत्र हाती आले, पण कुशल कारागिराचा दर अजून मिळत नाही, अशी दोन-तीन वर्षे प्रत्येकाच्या वाट्याला येतात. घरी कापसाचे किंवा मोसंबीचे पीक फसलेले असते, पीककर्ज थकलेले असते आणि 'आता पोरगा कमावता झाला' अशी साऱ्यांची समजूत असते. या पोकळीतच पहिले कर्ज शिरते.

या हस्तव्यवसायाचा एक नियम ध्यानी घेतला पाहिजे. येथे मजुरी वाढते ती प्रमाणपत्राने थोडी आणि पुढच्या कसबाने फार. रोलिंग मिलचेच उदाहरण घ्या. सळईचा आकार ज्या रोलमधून उमटतो, त्या रोलवरील खाचा झिजतात; त्या पुन्हा लेथवर कातून बिनचूक कराव्या लागतात. हे काम जाणणारा रोल टर्नर आजारी पडला तर मालकाची झोप उडते. परंतु आयटीआयतून बाहेर पडलेला टर्नर पहिल्या दिवशी हे काम करू शकत नाही. त्याला जाणत्या माणसाच्या हाताखाली उभे राहावे लागते आणि त्या काळात पैसे कमीच मिळतात.

कायद्याने या काळाची सोय केली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात प्रशिक्षण घेता येते. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरले. २०२५ साली केंद्रीय परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

आता त्या मुलासमोरचा पेच पाहा. एकीकडे ७,००० रुपये आणि वर्षाअखेरीस कसब. दुसरीकडे ठेकेदार रोज ५०० रुपये देतो असे धरा. सव्वीस दिवसांचे १३,००० होतात, पण काम हेल्परचे, शिकणे शून्य. डोक्यावर कर्ज नसेल तर मुलगा पहिली वाट धरू शकतो. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घरात पन्नास हजार आलेले असतील, तर नुसते व्याजच महिन्याला दीड हजार. मग तो दुसरी वाट धरतो आणि पाच वर्षांनीही हेल्परच राहतो. कर्जाने त्याच्या खिशातील पैसा नेला हे सर्वांना दिसते. त्याचे शिकणे नेले, हे कोणाच्याच वहीत लिहिले जात नाही.

तीच गोष्ट उचलीची. बहिणीच्या लग्नासाठी मालक तीस हजार देतो. त्यामागे दयाबुद्धीच असते. १४,००० पगारातून महिन्याला ५,००० कापले तर हाती ९,००० उरतात. खोलीभाडे, खाणावळ आणि गावी पाठवायची रक्कम त्यात बसत नाही, म्हणून चौथ्या महिन्यात पुन्हा उचल. ही उचल फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नाही. शेंद्र्याला किंवा वाळूजला सीएनसी यंत्रावर बसण्याची संधी आली तरी तो जालन्यातच अडकतो. आपल्याला वाटते माणूस टिकला. प्रत्यक्षात तो बांधला गेलेला असतो.

तिसरे कर्ज दुचाकीचे. पाळी रात्री सुटते, एमआयडीसी गावाबाहेर. गाडीवाचून चालत नाही. साठ हजारांवर तीन वर्षांसाठी 'फक्त दहा टक्के' असे सांगितले जाते. व्याज १८,००० आणि हप्ता सुमारे २,१६७ रुपये. मुद्दल महिन्यागणिक घटत जाते, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण रकमेवर आकारले जाते. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो. हा हिशेब आपल्या घरातील दहावीचा मुलगाही चटकन मांडील. त्या फिटरला तो कोणी मांडून दाखवलेला नसतो.

काही जण पुढे स्वतःचे वेल्डिंगचे दुकान घालतात. तेथे कर्जाचे मूळ उधारीत असते आणि ही उधारी पुष्कळदा आपलीच असते. समजा, एका बंगल्याच्या फाटकाचे काम ४०,००० रुपयांना ठरले. अँगल, पाइप, पत्रा मिळून २८,००० चा माल त्याने दुकानातून उधार आणला. काम झाल्यावर गिऱ्हाइकाने २५,००० दिले आणि 'बाकीचे दिवाळीनंतर' असे सांगितले. त्याने पंधरा दिवस काम केले, मजुरी एक पैही मिळाली नाही आणि दुकानदाराचे तीन हजार अंगावर राहिले. त्यावर व्याज चढू लागते. गिऱ्हाइकाने मात्र पंधरा हजार रुपये सहा महिने बिनव्याजी वापरले.

पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण येते. बैलावर अधिक ओझे लादू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण बालपणी शिकलो. आश्रित माणसाचाही त्यात समावेश आहे आणि ओझे केवळ पाठीवरच लादता येते असे नाही.

आपल्यातीलच एका थोर पुरुषाने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. कर्मवीर भाऊराव पाटील, जन्म १८८७, कुंभोज. आयुष्याच्या पूर्वार्धात त्यांनी किर्लोस्करांच्या नांगराची विक्री केली, साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. म्हणजे लोखंडाचा धंदा त्यांना आतून ठाऊक होता. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी गरीब मुलाला 'कमवा आणि शिका' हा मार्ग दिला. शिकता शिकता पोटापुरते मिळाले, तर मुलगा कर्जाकडे वळत नाही आणि शिक्षणही सोडत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या हाती काय आहे? प्रथम, ज्यांची मिल किंवा कारखाना आहे त्यांनी शिकाऊ उमेदवार कागदापुरते घेऊ नयेत. त्याला झाडू न देता जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे करावे आणि किमान विद्यावेतनावर जेवणाची किंवा राहण्याची सोय जोडावी. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, हेही विसरू नये. ओलसर किंवा बंद डब्याचे भंगार भट्टीत गेले तर काय होते, हे जालन्याला सांगावे लागत नाही.

दुसरे, उचल द्यायची तर लेखी, बिनव्याजी आणि पगाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक कपात न करता द्यावी. माणूस सोडून चालला तर उरलेली रक्कम हप्त्याने घेण्याची तयारी ठेवावी. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने देणे हा तर कायदाच आहे. तो नीट पाळला तरी निम्म्या उचली टळतील.

तिसरे, जे देवघेव करतात त्यांनी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम डोळ्यांपुढे ठेवावा. परवाना आवश्यक आहे. शेतकरी नसलेल्याला तारण कर्जावर १५ आणि बिनतारणी कर्जावर १८ टक्के वार्षिक ही दराची मर्यादा ठरली आहे. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात आहे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के होतात, हे वेगळे सांगणे नको.

चौथे, कारागिराचे बिल वेळेवर द्यावे. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. ती त्याला करून द्यावी. २००६ च्या कायद्यानुसार अशा सूक्ष्म उद्योगाचे पैसे व्यावसायिक खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर विलंबाची झळ आपल्या आयकरालाही बसते, हे आपल्या सनदी लेखापालांनी सांगितलेच असेल.

पाचवे काम युवक मंडळे आणि महिला मंडळांनी घ्यावे. पन्नास हजारांपर्यंतचे शिशु मुद्रा कर्ज विनातारण मिळते. परंपरागत लोहारकाम व अवजारे घडवणाऱ्यांसाठी २०२३ ची विश्वकर्मा योजना आहे. पहिल्या टप्प्यात एक लाख रुपये, पाच टक्के व्याजाने, अठरा महिन्यांसाठी. पात्र मुलगा बँकेच्या दारातून केवळ अर्ज नीट न भरल्याने परततो. अर्ज भरणे, हिशेब लिहिणे, हप्ता मोजणे या विद्या आपल्या घरोघरी आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास आयटीआयच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना या गोष्टी शिकवल्या, तर त्यासाठी निधीही उभारावा लागणार नाही.

या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपल्या वहीतील दोन पाने अवश्य पाहावीत. एक, कोणत्या कारागिराची किती उचल बाकी आहे. दुसरे, कोणत्या कारागिराचे आपण किती देणे लागतो. दुसऱ्या पानावरील रक्कम आधी चुकती करावी आणि मगच नवी वही उघडावी.