मानवंदनेच्या फैरी विरल्यावर

१ मे हा दिवस महाराष्ट्राने दोन कारणांनी आपलासा केला आहे. १९६० साली याच दिवशी मराठी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले; आणि १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी जो लढा दिला, त्याचे स्मरणही जगभरचे श्रमिक याच दिवशी करतात. २०१९ सालच्या १ मेला सकाळी राज्यभर ध्वजवंदने झाली, पोलीस मैदानांवर संचलने झाली. त्याच दिवशी दुपारी गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात, जांभुळखेड्याजवळ, माओवाद्यांनी पेरलेल्या भूसुरुंगाने एक वाहन उडवले. शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि त्या खाजगी वाहनाचा चालक असे सोळा जण ठार झाले. पंधरांपैकी एक होता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्याच्या तरोडा गावचा तरुण शिपाई, अग्रमन रहाटे.

आदल्या रात्री दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने व यंत्रे माओवाद्यांनी जाळली होती. त्या ठिकाणाकडे हे पथक निघाले होते. कामगार दिनाची सुटी या पंधरा जणांना नव्हती. ते कामावर होते आणि कामावरच मेले. कामगार दिनाच्या दिवशी कामावर मेलेल्या माणसांना श्रमिक चळवळीने आपल्या स्मरणात कोणते स्थान दिले, हा प्रश्न मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आहे. आज तो वाचकांपुढे मोकळेपणाने मांडावा असे वाटते.

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटेल, आणि ते अकारण नाही. पोलीस म्हटला की कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम लाठी येते. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा गवत कापणाऱ्या सत्याग्रहींना पकडणारा शिपाई परक्या सत्तेचा होता. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली. पण मोर्चा आणि बंदोबस्त यांचे नाते फारसे बदलले नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधानभवनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले किती होती हे विदर्भाला सांगायला नको. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पाण्याच्या प्रश्नावर रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे गेले. ही यादी वाढवता येईल. तेव्हा एखादा प्रामाणिक कार्यकर्ता विचारील की, ज्या गणवेशाने आमची डोकी फोडली त्या गणवेशाला आम्ही फुले का वाहावीत?

माझे उत्तर असे की, गणवेश आणि तो अंगावर चढवणारा माणूस यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे. आर्णी, घाटंजी, महागाव, उमरखेड, कोणत्याही तालुक्यात पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर जाऊन पाहावे. पायांत साधे बूट घातलेली, कधी तेही नसलेली मुले अंधारात धावत असतात. सोळाशे मीटरची धाव, शंभर मीटरची धाव, गोळाफेक; मग घरी येऊन गुरांचे पाहायचे, आणि दुपारी अभ्यासिकेत जाऊन बसायचे. बाप कोरडवाहू कापूसवाला किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर. मुलाने पदवी घेतलेली असते, पण त्या पदवीला तालुक्यात गिऱ्हाईक नसते. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यातील १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे शंभर उमेदवार! यांतले किती जण दंडुका चालवण्याच्या हौसेने आले असतील? कापसाने जे घर उभे राहू दिले नाही ते दरमहाच्या पगाराने उभे राहील, धाकट्या बहिणीचे लग्न होईल, सावकाराचा हात सुटेल, एवढाच हिशेब त्या धावण्यामागे असतो. शिपाई हा आपल्याच वर्गाचा मुलगा आहे.

यवतमाळात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या दुःखद इतिहासात हे पहिले जाहीर प्रकरण मानले जाते. त्यानंतरच्या चार दशकांत या जिल्ह्याने असे किती मृत्यू पाहिले, याचा हिशेब गावोगावच्या घरांनाच ठाऊक. असा मृत्यू झाला की पंचनामा करायला पोलीस शिपाई येतो. तो उंबऱ्याशी बसून लिहितो: नाव, वय, जमीन किती, कर्ज कोणाचे. पुढे तो कागद तहसीलकडे जातो आणि मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निवाडा होतो. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे हवे, वसुलीचा तगादा हवा. तेव्हा २००६ पासून ठरलेले एक लाख रुपये मंजूर होतात, त्यांतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाच्या स्वतःच्या बापाच्या सातबाऱ्यावरही बहुधा असेच कर्ज असते. एकाच मातीतले हे दोन मृत्यू. एकाला आकाशात फैरी, दुसऱ्याला पात्रतेचे निकष. पहिल्याचा सन्मान कमी करा असे कोणी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या वाट्याला एवढी अवहेलना का, हे पहिल्याच्या चितेपाशी उभे राहूनच विचारले पाहिजे. कारण दुसऱ्याच्या घरची अवदसा टाळण्यासाठीच पहिला पोलिसात गेलेला असतो.

आता त्या सन्मानाकडे वळू. तिरंगा, पुष्पचक्र, मंत्र्यांचे सांत्वन, फैरी, हे सारे होते आणि व्हायलाच हवे. समाजाने आपल्या मृतांपुढे वाकणे ही सभ्यतेची खूण आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ, देशभरच्या पोलीस मुख्यालयांत वर्षभरातील मृतांची नावे वाचली जातात. २०१८ सालच्या त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण झाले. हे उचितच झाले. तथापि सलामी देणारे राज्य मृताला काही देणे लागते, आणि ते देणे फैरींनी फिटत नाही.

पहिले देणे सत्याचे आहे. जांभुळखेड्याच्या घटनेनंतर वृत्तपत्रांतून रोखठोक प्रश्न विचारले गेले. आदल्याच रात्री जाळपोळ झालेल्या मुलखात पंधरा माणसे एकाच खाजगी वाहनातून का पाठवली गेली? भूसुरुंगाच्या प्रदेशात रस्ता आधी तपासून घेण्याचा जो दंडक आहे, तो पाळला गेला होता काय? स्फोट घडवणाऱ्यांचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही; त्यांनी माणसे मारली आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी त्यांची आहे. परंतु खाणीत दरड कोसळून मजूर मेला तर आपण मालकाला जाब विचारतो. टेकू का नव्हते, पाहणी कधी झाली होती, असे विचारतो. शिपायाचा मालक राज्यसंस्था आहे. तिला हेच विचारणे म्हणजे शहिदांचा अवमान, असा एक भ्रम जाणूनबुजून पसरवला जातो. वस्तुतः शौर्याच्या जयघोषात हलगर्जीपणा झाकून टाकणे, हाच मृतांचा खरा अवमान आहे.

दुसरे देणे जिवंत शिपायाचे आहे. ज्या आठ तासांसाठी १ मे हा दिवस उगवला, ते आठ तास महाराष्ट्राच्या पोलीस शिपायाला आजही नियमाने मिळत नाहीत. २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याचे कौतुकही झाले. पण बारा तास आणि सणासुदीला त्याहून अधिक, हीच बहुतेक ठाण्यांची रीत राहिली. जनता राजवटीने १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला होता. १९७९ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात त्या आयोगाने शिपायाचे वेतन, त्याचे घर आणि त्याच्या गाऱ्हाण्यांची दाद यांचा विचार केला. साहेबांच्या घरी राबवून घेणारी ऑर्डर्लीची पद्धत बंद करावी असेही आयोगाने सुचवले. अहवाल आठ झाले आणि धूळ खात पडले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर पोलीस सुधारणांचे आदेश दिले. पोलीस राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त असावा आणि नागरिकाला पोलिसाविरुद्ध दाद मागता यावी, हा त्यांचा गाभा. त्यांतले किती उतरले कागदावर आणि किती ठाण्यांत, हे ठाण्याची पायरी चढलेल्या कार्यकर्त्याला सांगावे लागू नये.

शिपायाला स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याची वाट तरी आहे काय? १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने आली. तरीही मुंबईत शिपायांची संघटना उभी राहिली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिची मान्यता काढून घेतली गेली आणि १८ ऑगस्टला मुंबईत जे घडले ते पोलिसांचे बंड म्हणून इतिहासात नोंदले गेले. ते वर्ष गिरणी संपाचे होते. एकाच चाळीत एका खोलीत संपावरचा गिरणी कामगार आणि शेजारच्या खोलीत त्याच्यावर बंदोबस्तासाठी जाणारा शिपाई राहत होता. दोघेही हरले. त्या हिंसेचे समर्थन मी करणार नाही. शस्त्र हाती असलेल्या दलाने शिस्त सोडली की पहिला बळी दुबळ्याचाच जातो. पण ज्याला बोलण्याची सनदशीर वाट नाही तो आपला कोंडलेला राग कोणावर काढतो, हेही आपण मोर्चांमध्ये पाठीवर अनुभवलेले आहे. शिपायाला माणसासारखे वागवा, म्हणजे तो नागरिकाला माणसासारखे वागवण्याची शक्यता वाढेल.

तिसरे देणे शांततेचे आहे. गडचिरोलीच्या अरण्यात चार दशके जो रक्तपात झाला त्यात मेले कोण? १९९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सी-६० दलात तिथल्याच आदिवासी तरुणांची भरती झाली. माओवाद्यांच्या दलमांतही गोंड-माडिया पोरेच होती. आणि ‘खबऱ्या’ ठरवून ज्यांना रात्री घराबाहेर ओढून मारले गेले तेही आदिवासीच. १७ मे २०२० रोजी भामरागडच्या पोयरकोटी-कोपर्शी जंगलात उपनिरीक्षक धनाजी होनमाने आणि शिपाई किशोर आत्राम पडले. एक पंढरपूर तालुक्यातील, दुसरा गडचिरोलीचा भूमिपुत्र. गरिबाच्या नावाने चाललेल्या युद्धात गरिबानेच गरिबाला मारायचे, ही क्रांती नव्हे. लोकशाही समाजवादाने बंदुकीचा हा मार्ग आरंभापासून नाकारला तो यासाठीच.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. हे स्वागतार्ह आहे. परंतु बंदुका थंडावल्या म्हणजे प्रश्न मिटला, असे राज्याने समजू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभेच्या बळावर बांबूचा कारभार आपल्या हाती घेतला. तिथे एकही गोळी झाडावी लागली नाही. जंगलावर गावाचा आणि खनिजाच्या निर्णयात ग्रामसभेचा अधिकार चालला, तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरोड्याच्या तरुणाला त्या अरण्यात जीव द्यावा लागणार नाही. पोलिसांच्या मृत्यूंचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.

आणि शेवटी त्या सोळाव्या माणसाविषयी. बातम्या ‘पंधरा जवान शहीद’ अशा आल्या. चालकाचा उल्लेख बहुधा ‘आणि’ या शब्दानंतर आला. तो पोलीस नव्हता, त्याने शस्त्र धरले नव्हते. तो भाड्याची गाडी चालवून पोट भरणारा श्रमिक होता आणि राज्याच्या कामावर, राज्याच्या माणसांबरोबर मेला. सन्मानाची रांग गणवेश पाहून लावली जाते, तेव्हा असा माणूस तिच्या शेवटी राहतो. ही रांग बदलणे हे तर आपलेच काम आहे.

म्हणून यवतमाळच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी. येत्या १ मे रोजी आपण लाल झेंड्याला वंदन करू, शिकागोच्या हुतात्म्यांचे स्मरण करू, तेव्हा जांभुळखेड्याच्या सोळाही जणांचे स्मरण करावे. त्या सभेत शिपायाच्या आठ तासांचा ठराव मांडावा आणि त्याच सभेत ठाण्यातील मारहाणीचा निषेधही करावा. या दोहोंत विसंगती नाही. तरोड्याला जमेल त्याने जाऊन यावे, हारतुरे व छायाचित्रकार बरोबर न घेता. घरच्यांची विचारपूस करावी, सरकारी कागद कुठे अडला असेल तर तो सोडवून द्यावा. मानवंदनेच्या फैरी काही क्षणांत विरतात. त्यानंतर त्या अंगणात जी शांतता पसरते, तिच्यात येऊन बसणारा माणूस आपला असावा.