वाघ आला, आता सांबरे मोजा

नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातली एक वाघीण अख्खे राज्य ओलांडून आणली गेली आणि चांदोलीच्या रानात सोडली गेली. ताडोबा आणि पेंचमधून असे आठ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणायला केंद्राची परवानगी आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली जाहीर झालेला हा प्रकल्प सुमारे 1,165 चौरस किलोमीटरचा आहे, पण वाघ तिथे नावापुरताच होता. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाकडून तिलारी-राधानगरीच्या जंगलपट्ट्याने एखादा नर वर सरकायचा, एवढेच. नर लांबवर भटकतात. माद्या सहसा आईच्या हद्दीलगतच आपली हद्द धरतात. त्यामुळे पाहुणे आले तरी पिल्ले होत नव्हती. मग मादीच आणून सोडावी, हा विचार तर्काला धरून आहे आणि आमचा त्याला पाठिंबा आहे. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे.

वाघ असे पुन्हा रुजवता येतात का? येतात. मध्य प्रदेशातल्या पन्नात 2009 साली एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून आणलेल्या मोजक्या वाघांवर आज पन्नासच्या वर वाघांचे रान उभे आहे. तेही सुखासुखी झालेले नाही. पेंचहून आणलेला नर पन्ना सोडून मूळ रानाच्या दिशेने चालू लागला, तेव्हा वनखात्याने हत्ती घेऊन त्याचा माग काढला आणि त्याला परत आणले. उलट ओडिशातल्या सातकोसियात 2018 साली आणलेल्या जोडीतला नर काही महिन्यांत मेला. मादीवर माणसे मारल्याचा ठपका आला, गावे विरोधात उठली, आणि तिला 2021 मध्ये परत मध्य प्रदेशात धाडावे लागले. आजूबाजूच्या गावांना विश्वासात न घेता वाघ सोडला की काय होते, ते तिथे दिसले.

सह्याद्रीतला पेच मात्र निराळा आहे, आणि तो गवतात आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे लागतात. कळप आटू नयेत म्हणून त्याच्या दसपट जनावरे रानात हवीत. चांदोलीत गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत, पण दाट सदाहरित जंगलाला मुळात फार खूर पोसवत नाहीत. ते पोसले जातात मोकळ्या कुरणांवर, आणि इथली बरीच कुरणे म्हणजे उठवलेल्या गावांची वावरे. घरांची जोती, पडकी देवळे, हाताने लावलेले आंबे-फणस, त्यांच्या मध्ये एके काळच्या भात-नाचणीच्या खाचरांवर उगवलेले गवत. माणूस गेला, गुरे गेली, आणि पहिली काही वर्षे ही गवताळ जागा गव्यांना पर्वणी ठरली. मग करवंदाच्या जाळ्या, कारवी आणि रानमोडीने ती गिळायला सुरुवात केली. निसर्गाला हात लावू नका, तो आपले आपण पाहील, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ही खाचरे पाहावीत. हात काढून घेतला की तिथे जंगल वाढते, हे खरे. वाघाचे खाणे मात्र घटते. दरवर्षी झुडपे काढणे आणि गवत राखणे हे वनमजुराचे काम आहे, आणि त्याचे छायाचित्र कुणी छापत नाही.

यावर शॉर्टकट म्हणून सागरेश्वरची चितळे पकडून चांदोलीत नेली जातात. सागरेश्वरचीही गंमत आहे. धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरांवर उभे राहिलेले हे जेमतेम 11 चौरस किलोमीटरचे कुंपणबंद रान. हरणे वाढली, त्यांना खाणारे कुणी नव्हते, आणि ती भोवतालच्या पिकांत शिरू लागली. तिथली गर्दी कमी होणे चांगलेच. पण चितळ हे घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसाचे जनावर नव्हे. ते तिथे टिकले तर वाघाला खाणे मिळेल, पण त्याला मूळ परिसंस्था परत आणणे म्हणता येणार नाही. सांबर आणि गवा वाढवणे संथ आणि खर्चिक असले तरी खरे काम तेच आहे.

आणि माणसे? चंद्रपुरात तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात, म्हणून तिथला भार इथे हलवा, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो फसवा आहे. दोनशेच्या वर वाघ असलेल्या जिल्ह्यातून काही उचलल्याने तिथल्या तेंदूपत्ता वेचणाऱ्या बाईचा जीव सुरक्षित होत नाही. इकडे शिराळा, शाहूवाडी, पाटणच्या शेतकऱ्याला उसातला बिबट्या आणि पिकातला गवा ठाऊक आहे. म्हैस मारली गेली की मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही, वनरक्षक येऊन पंचनामा करेपर्यंत त्याच्यापाशी थांबायचे, आणि पुढे पैशांची वाट पाहायची. वाघ आल्यावर हाच कागद आणखी जाड होणार. शिवाय ज्यांच्या वावरांवर आज गवे चरतात, त्या चांदोली अभयारण्यग्रस्तांना पर्यायी जमिनीसाठी पिढीभर ठिय्या द्यावा लागला आहे. त्यांच्या जमिनीवर वाघाचे स्वागत करताना त्यांची फाइल टेबलावर धूळ खात पडणे ही अडचण नैतिकही आहे आणि व्यावहारिकही. सातकोसियातला रोष असाच साचला होता.

म्हणून पुढच्या प्रत्येक वाघाआधी दोन आकडे जाहीर व्हावेत. कॅमेरा ट्रॅप आणि पायी पाहणीतून सांबर-गव्यांची घनता वाढतेय की घटतेय, हा एक. बफरमधल्या गावांत मारल्या गेलेल्या जनावरांची भरपाई किती दिवसांत हातात पडली, हा दुसरा. पहिला घसरत असेल आणि दुसरा लांबत असेल, तर पुढचा पिंजरा ताडोब्यातच थांबवावा. हे वाघाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे म्हणून बाजूला टाकू नये. शिवाय तिलारीपर्यंतचा जंगलपट्टा खाणी आणि रस्त्यांपासून राखला नाही, तर आणलेल्या वाघांची पिल्ले मोठी होऊन जाणार कुठे, हे तर वनखात्याला आमच्याहून चांगले कळते.